आई असून पिते म्हणे!

‘पुरुषाचं एक वेळ समजू शकतो हो, पण बाई असून? त्यातून आई असून?’

हे वाक्य नाशिकमध्ये इतक्या ठिकाणी कानावर पडतं की ते कोण बोललं हे लक्षातही राहत नाही. गंगापूर रोडच्या सोसायटीत धुणंभांड्याच्या बाईला कामावरून काढताना हे वाक्य येतं. दवाखान्याच्या बाकावर, शाळेच्या पालकसभेत, बचत गटाच्या बैठकीत येतं. गोदाघाटावर कडेवर मूल घेऊन झिंगत बसलेली बाई दिसली की मग तर हमखास येतं. म्हणणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा कमी नसतात. आणि म्हणताना प्रत्येकाचा चेहरा असा असतो, जणू काही फार धाडसाचं सत्य आपण आज उच्चारलं.

हे मत आधी नीट मांडून घेऊ, नाहीतर उद्या कुणी म्हणायचं की विपर्यास केला. मत असं आहे: दारू, तंबाखू, गोळ्या, काहीही घेणं हा ज्याचा त्याचा निर्णय असतो. पदरात मूल असताना ज्या बाईने तो घेतला तिने मुलापेक्षा बाटली मोठी मानली. जिला पोराची माया आहे तिला व्यसन सोडायला डॉक्टर लागत नाही, माया पुरते. ज्या अर्थी सुटत नाही त्या अर्थी माया नाही. अशा बाईला दया दाखवली की ती शेफारते, शिवाय काबाडकष्ट करून सरळ राहणाऱ्या हजारो गरीब आयांचा अपमान होतो तो वेगळाच. तेव्हा तिची मुलं काढून घ्यावीत, योजनेचे पैसे थांबवावेत आणि तिला तिच्या कर्मावर सोडून द्यावं.

ऐकायला चोख आहे. फक्त यातलं एकही वाक्य तपासणीला टिकत नाही.

‘पुरुषाचं समजू शकतो’ इथूनच धरू, कारण सगळी गोम तिथे आहे. पुरुषाचं आपल्याला समजतं हे अगदी खरं. शंभर वर्षं आपण त्याची तालीम केली आहे. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आलं. सुधाकर हुशार, मानी वकील. सनद जाते, अपमान सहन होत नाही, तळीराम हातात पेला देतो आणि माणूस बुडत जातो. बुडता बुडता नशेत पोटच्या तान्ह्याचा जीव घेतो, बायकोच्या मरणालाही तोच कारण होतो. आणि पिढ्यान्पिढ्यांचा मराठी प्रेक्षक सिंधूसाठी डोळे पुसता पुसता सुधाकरासाठीही हळहळतो: केवढा मोठा माणूस, दारूने वाया गेला! नाटककाराचं ते यश आहे, त्याबद्दल तक्रार नाही. माझा प्रश्न खुर्चीतल्या माणसाला आहे. भूमिका उलटून बघा. सिंधू पिते आहे, तिच्या हातून बाळ गेलं आहे आणि सुधाकर दळण दळून घर चालवतो आहे. किती रुमाल ओले होतील? दारूची शोकांतिका व्हायला आपल्याकडे मिशा लागतात. बाई प्याली की तिचा फार तर फार्स होतो, नाहीतर गुन्हा.

यावर कुणी आकडे काढेल, म्हणून ते मीच सांगतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातले सुमारे 19 टक्के पुरुष आणि जेमतेम 1.3 टक्के बायका दारू घेतात असं दिसलं. मग एवढ्याशा बायकांसाठी एवढा त्रागा कशाला? एक तर असं की, पाहणी करायला आलेल्या मुलीने ओट्यावर बसून, सासूच्या देखत, ‘ताई, तुम्ही दारू घेता का?’ असं विचारलं तर ‘हो’ म्हणणारी बाई मला दाखवा. आणि दुसरं म्हणजे, दारूपाशी थांबायचं कशाला? 2016-17 च्या तंबाखूविषयक पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे 17 टक्के प्रौढ बायका तंबाखू घेताना आढळल्या, आणि त्यातल्या जवळपास सगळ्या बिनधुराचा घेतात. म्हणजे मशेरी, तंबाखू-चुना. या बायकांना आपण व्यसनी म्हणत नाही, कारण मग आपल्या आजीलाही म्हणावं लागेल.

आता तो ‘निर्णय’. तो कधी, कुठे झाला ते बघू.

लोखंडी तव्यावर तंबाखू काळीठिक्कर पडेपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठतो. मग ती चुरून मशेरीची पूड करायची आणि डबीत भरायची. ही डबी चुलीशेजारच्या कोनाड्यात असते, मिठाच्या आणि हळदीच्या डबीला लागून. पोरीची दाढ दुखायला लागते. दातांचा डॉक्टर तालुक्याच्या गावी, जायला दिवस मोडतो, मजुरी बुडते. आई बोटावर चिमूट घेते आणि पोरीच्या हिरडीला चोळते. हिरडी बधिर होते, ठणका दबतो, पोरगी झोपते. पुढे हीच चिमूट सकाळी पोट साफ व्हायला लागते, नंतर भूक मारायला, नंतर दोन बाळंतपणांच्या मधल्या थकव्याला. पंचविसाव्या वर्षी ती न लावता उठली तर डोकं फुटायची वेळ येते. या सगळ्यात निर्णयाचा क्षण कोणता? त्या क्षणी तिच्यापुढे दुसरा कोणता पर्याय मांडून ठेवला होता?

सिन्नरच्या विडी कामगार बाईचं तर आणखी पुढचं आहे. सिन्नर हे जुनं विड्यांचं गाव. भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं कातरायची, मांडीवरच्या सुपात तंबाखूचा ढीग, चिमूट भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हिशेब हजारावर, मजुरीही हजारावर. सुपाच्या एका अंगाला पोर झोपलेलं. तंबाखूची धूळ नाकात जाते, निकोटीन बोटांच्या कातडीतून अंगात भिनतं. दिवसभर दुसऱ्यांसाठी व्यसन वळत बसणाऱ्या या बाईच्या कामाला आपण रोजगार म्हणतो, तिच्यासाठी कल्याणाच्या योजना काढतो. त्याच सुपातली एक चिमूट तिने स्वतःच्या हिरडीला लावली की मात्र ते तिच्या चारित्र्यात मोजायचं?

आणि द्राक्षं. पेठ आणि सुरगाण्याकडच्या बायका दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत येतात. ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, मग विरळणी. मांडवाखाली उभं राहायचं, दोन्ही हात डोक्याच्या वर, मान मागे, हातात कात्री, घडातले मणी एकेक करून कापायचे. तासभर नाही, दिवसभर. लहान मूल असलं तर बांधावर, साडीच्या झोळीत. संध्याकाळी पिकअपमध्ये दाटीवाटीने उभं राहून परत. ज्याला या कामाची कल्पना नाही त्याने आपले हात पाच मिनिटं वर धरून बघावेत आणि मग खांदे उतरल्यावर काय घ्यावंसं वाटतं ते प्रामाणिकपणे सांगावं. ती पावशेर मोहाची घेते. तिच्या गावात ही दारू लग्नात असते, मयताला असते, देवापुढे असते. फरक इतकाच की आता ती रोज लागते आणि मोहाच्या फुलांऐवजी तिच्यात नवसागर असतो.

याच जिल्ह्याचा दुसरा चेहरा तुम्हाला ठाऊक आहेच. 1999 मध्ये सुला सुरू झाली, 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, आणि बघता बघता आपण ‘वाइन कॅपिटल’ झालो. वाइन महोत्सवात, गंगापूर धरणाच्या वाऱ्यावर, हातात पेला घेतलेली मुंबईची बाई ही पर्यटन असते, तिच्या फोटोखाली ‘मोकळी, स्वतंत्र’ असं लिहिलं जातं. तीही आईच असते बरं का. पोराला आजीकडे ठेवून आलेली असते. तिला कुणी ‘आई असून?’ विचारत नाही, आणि विचारूही नये. माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न दारू कुठल्या पेल्यात आहे त्यावरून ठरतो. चैत्रात वणीच्या गडावर चढणाऱ्यांनाही ठाऊक असतं की सप्तशतीतली देवी महिषासुराला मारण्यापूर्वी मधुपान करते. तिथे आपण हात जोडतो. प्रश्न विचारायची हिंमत फक्त पिकअपमधून उतरणाऱ्या बाईपुढे होते.

27 जानेवारी 2022 या दिवशी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली. शेतकऱ्यांच्या भल्यासाठी, असं सांगितलं गेलं. त्याच दिवशी पुण्यात अनिल अवचट गेले. ज्यांनी पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्यासोबत 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, ते अवचट. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण त्यानंतर जून 2025 मध्ये सरकारने दारूवरचं शुल्क वाढवलं आणि तिजोरीत वर्षाला 14 हजार कोटींची भर पडेल असं सांगितलं, तेव्हा तो योगायोग नव्हता. ते अंदाजपत्रक होतं. ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या दरमहा दीड हजाराची तजवीज यातूनच, अशी चर्चा तेव्हा गावोगाव झाली. म्हणजे भावाच्या दारूतून बहिणीला हप्ता. आणि त्या हप्त्यातून एखाद्या बहिणीने क्वार्टर आणली की आपला संताप अनावर: बघा, दिलेले पैसे कुठे जातात! अहो, जिथून आले तिथेच चालले आहेत.

आता ‘माया असती तर सोडलं असतं’ याकडे. हे म्हणणाऱ्यांनी कधी कुणाची दारू सुटताना जवळून पाहिलेली नसते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली तर हात थरथरतात, घाम सुटतो, फिट येऊ शकते, भास होतात, भिंतीवर किडे दिसतात. उपचार नसेल तर जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू सोडवायला डॉक्टर, औषधं आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात. बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिचं यकृत लवकर जातं. ही सगळी शरीराची कामं आहेत. मधुमेही आईला आपण ‘मुलांवर प्रेम असेल तर साखर उतरव’ असं सांगतो का?

उलट माया जितकी जास्त तितकी लाज जास्त, आणि लाज जितकी जास्त तितकी लपवाछपवी जास्त. गरोदर बाई मशेरी लावते हे तिच्या पोटातल्या बाळाला बाधतंच. मुंबईतल्या हजारावर गरोदर बायकांचा पाठपुरावा करून झालेला एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात असा तंबाखू घेणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनी कमी भरलं आणि वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हे तिला कळायला हवं की नको? हवंच. पण ते सांगणार कोण? तपासणीच्या दिवशी जिथे ‘तंबाखू खाते का गं? लाज नाही वाटत, पोटात लेकरू आहे!’ असा खेकसून प्रश्न येतो, तिथे उत्तर एकच असतं: ‘नाही बाई.’ कागदावर ‘नाही’ लिहिलं जातं, डबी पदराच्या गाठीत राहते. खेकसणाऱ्याला वाटतं, आपण बाळाची बाजू घेतली. बाळाच्या वाट्याला त्यातून काय आलं?

दया दाखवली की बायका शेफारतात, हा आक्षेप तर इतका जुना आहे की त्याला महाराष्ट्राने एकदा उत्तर देऊन झालं आहे. 1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल मारू नये. सभ्य पुण्याचं म्हणणं काय होतं? पापाला उत्तेजन! अनीतीला आश्रय! म्हणजे आज पिणाऱ्या आईबद्दल आपण बोलतो ते अक्षरशः तेच. फुले दांपत्याने त्या बायांना नीती शिकवली नाही, खोली दिली. तिथे जन्मलेला एक मुलगा, यशवंत, त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतला; तो पुढे डॉक्टर झाला. सभ्य पुण्याचा शब्द प्रमाण मानला असता तर तो मुलगा कुठल्या विहिरीत सापडला असता? आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला 3 जानेवारीला हार घालतो आणि 4 तारखेला त्यांच्या विरोधकांची भाषा बोलतो.

मुक्तांगणच्या कामाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. नवरा व्यसनी असला की बायको त्याला घेऊन येते, आठवड्याला भेटायला येते, सहचरींच्या गटात बसते. बायको व्यसनी असली तर? नवरा बहुतेक वेळा येत नाही. सासर हात झटकतं, माहेर तोंड लपवतं. मुक्तांगणने बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग सुरू केला त्याचं कारण हेच, की पुरुषांच्या बरोबरीने त्यांना बसवणं अशक्य होतं. त्यांची लाज वेगळी, त्यांच्यावर झालेले अत्याचार वेगळे, त्यांना मागे सोडून यावं लागलेलं घर वेगळं. पुण्यात जे आहे ते पेठच्या पाड्यावरच्या बाईच्या किती उपयोगाचं? महिनाभर घर सोडून ती जाणार, तर धाकट्याला कोण बघणार? शेफारण्याची भीती बाळगणाऱ्यांनी आधी हे सांगावं की शेफारायला तिला जागा कुठे दिली आहे.

आता मुलं. इथे मात्र आवाज चढवून भागणार नाही. प्यालेल्या आईच्या हातात तान्हं मूल सुरक्षित नसतं. चुलीपाशी, विहिरीपाशी, रस्त्याकडेला तर नसतंच. त्या रात्री त्या मुलाला दुसऱ्या कुणीतरी उचललंच पाहिजे. शेजारणीने, आत्याने, पोलिसाने, कुणीही. यात मला वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं याबद्दल.

‘काढून घ्या’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यापुढे मूल काढून घेतल्यानंतरचं चित्रच नसतं. मूल जातं कुठे? ज्या घरात दारू शिरली त्या घरात बहुतेक वेळा ती आधी बापाने आणलेली असते. मग मूल बापाकडे द्यायचं? 2015 चा बाल न्याय कायदा आपल्यापेक्षा जास्त विचार करून लिहिलेला आहे. त्याच्या कलम 3 मधल्या तत्त्वांत स्पष्ट आहे की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि मुलाचा पहिला हक्क त्याच्या कुटुंबावर. राज्याची बालसंगोपन योजना आहे. नातेवाइकाने किंवा दुसऱ्या कुटुंबाने मूल सांभाळलं तर दरमहा पैसे मिळतात. म्हणजे आई उपचार घेईपर्यंत मूल आजीकडे ठेवायचा आणि आई उभी राहिली की परत आणायचा रस्ता कागदावर आहे. त्या रस्त्याने किती जणांनी एखाद्या बाईला नेलं? पालकसभेत ‘त्या मुलीला आमच्या मुलीशेजारी बसवू नका’ असं सांगणाऱ्यांपैकी एकाने तरी?

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळगोळी चारून, झोपवून, पाळीला जात. तेव्हाही टीका झाली, की या कसल्या आया! पण काही माणसांनी वेगळा प्रश्न विचारला: बाळंत होऊन चार दिवस झालेली बाई साच्यावर का उभी आहे? 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेचं विधेयक आलं, बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची पाठराखण केली आणि 1929 मध्ये कायदा झाला. पुढे 1948 च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद आली. अफूच्या गोळीला उत्तर रजेने आणि पाळण्याने दिलं गेलं, प्रवचनाने नाही. आज विरळणीच्या हंगामात किती मळ्यांवर पाळणाघर आहे? ते नाही, आणि झोळीतलं मूल रडू नये म्हणून त्याला काही चाटवलं असा नुसता संशय आला की आपण फोन काढून तिचं शूटिंग करतो.

दारूबंदी चळवळीतल्या मैत्रिणींनाही या निमित्ताने एक सांगायचं आहे, रागावल्या तरी चालेल. ‘आडवी बाटली’ करून गुत्ते बंद पाडणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे. गडचिरोलीने 1993 मध्ये दाखवलेली वाट मोठी आहे. पण या साऱ्या चळवळीच्या पोस्टरवर बाई एकाच रूपात असते: मार खाल्लेली, न पिणारी, पदर खोचलेली. त्यामुळे गावात जी दोन-चार बाया पितात त्या मोर्चात कुठे उभ्या राहणार? त्या घरात दार लावून बसतात. गुत्ता बंद झाला की त्या दुसऱ्या गावातून आणायला लागतात आणि मोर्चातल्याच बायका त्यांच्यावर पहारा ठेवतात. त्या चार जणींनाही मोर्चात जागा हवी, सर्वांत पुढे हवी. बाटलीने काय केलं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?

आणि सुशिक्षित घरांनी फार निर्धास्त राहू नये. तिथे वास येत नाही एवढंच. झोपेची गोळी एका चिठ्ठीवर पाच वर्षं चालू असते, खोकल्याच्या औषधाची बाटली आठवड्याला संपते. ऑक्टोबर 2023 मध्ये शिंदे गावात एमडी हा अंमली पदार्थ बनवण्याचा कारखाना सापडला तेव्हा अख्खं शहर हादरलं. कोट्यवधींचा तो माल काय पेठरोडच्या मजूर अड्ड्यावर खपणार होता? या गुन्ह्यांसाठीच्या कायद्याचीसुद्धा दृष्टी आपल्यापेक्षा उदार आहे. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात कलम 64 अ आहे: सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचाराला तयार झाली तर तिच्यावरचा खटला टळू शकतो. एवढा कडक कायदा उपचाराला दार उघडं ठेवतो. आपली सोसायटी ठेवत नाही.

आईची जी मूर्ती पुढे करून हा सगळा न्यायनिवाडा चालतो, ती घडली तीही नाशिकलाच. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्या पुस्तकाचा धाक आपण गेली नव्वद वर्षं आयांना घालत आलो आहोत. पण पुस्तक पुन्हा उघडून बघा. ती आई कर्जात बुडालेली आहे, आजारी आहे, सावकाराच्या माणसाकडून अपमान सोसते आहे, औषधपाण्याविना झिजून मरते आहे. गुरुजींनी ते इतर आयांना मोजायची पट्टी म्हणून लिहिलं नव्हतं. गरिबीने पिळून निघालेल्या एका बाईकडे तिच्या मुलाने किती मायेने पाहिलं, ते त्यात आहे. ती नजर घ्यायची सोडून आपण फक्त तिचं सोवळं घेतलं.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि यात मी काही सोडायला तयार नाही. व्यसनात अडकलेल्या आईवर दया करणं हा मनाचा मोठेपणा नाही आणि तिचे लाड तर नाहीतच. तिच्या मुलाला वाचवायचा जो एक रस्ता आजवर चालल्याचं दिसलं आहे, तो तिच्यातूनच जातो. तिला शिव्या देऊन तो रस्ता बंद करणाऱ्याने मुलाच्या काळजीची भाषा करू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी बायकांसाठी वेगळा व्यसनमुक्ती कक्ष, लहान मुलासकट राहायची सोय, विड्या आणि द्राक्षांच्या कामावर पाळणाघर, आणि गरोदर बाईला मशेरीबद्दल विचारताना खालच्या पट्टीतला आवाज. वाइन महोत्सवाला लागणारी जमीन, रस्ते आणि परवाने ज्या तत्परतेने मिळतात त्याच्या निम्म्याने हे होऊ शकतं.

तोवर निदान एवढं करता येईल. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलीमानस 14416, तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356. तिन्ही फोन फुकट आहेत. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या तोंडाला वास आला तर तिला दारातून परत पाठवण्याआधी यातला एक नंबर तुमच्याच फोनवरून लावून द्या, आणि ती दवाखान्यात गेली तर त्या दिवसाच्या खाड्याचे पैसे कापू नका.